चार बोटांची जागा

निवृत्त ग्रंथपालांना वाचनालयात त्यांच्या माघारी सगळे 'सूचीसाहेब' म्हणत. कुणी काहीही विचारलं, अगदी प्यायचं पाणी कुठं आहे असं विचारलं, तरी ते मान वर न करता सांगत, "सूची बघा." जगात दोनच प्रकारचे लोक आहेत असं त्यांचं पक्कं मत होतं. एक, पुस्तक जागच्या जागी ठेवणारे. आणि बाकीची जनावरं.

बायको त्यांच्या हिशेबी दुसऱ्यांत. तिला अक्षरओळख झाली तीच मुळी लेक शाळेत जायला लागल्यावर, लेकीशेजारी बसून. मग ती अधाशासारखी वाचत सुटली आणि बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट तिनं आपलं म्हणून लावलं. कसं लावलं ते विचारू नका. अर्धवट सोडलेली पुस्तकं डोक्यावर उभी. रडवणारी सगळ्यात खाली, "वाकल्याशिवाय हाती लागू नयेत म्हणून." दोन भांडकुदळ लेखकांच्या मध्ये मध्यस्थ म्हणून स्वयंपाकाचं पुस्तक. आणि प्रत्येक फळीच्या मधोमध चार बोटं रिकामी जागा.

"ही पुस्तकं आहेत की घरी आलेले पाहुणे?" सूचीसाहेब म्हणत. "आणि ही मधली जागा कशाला?"

"राहू द्या की. तेवढी लागते."

"कुणाला?"

यावर ती फडकं घेऊन काच पुसायला लागायची.

ती पुस्तक घेऊन सोफ्यावर टेकायला आली, की हे पेपर पसरून बसत. "इथं जागा कुठाय? आत जाऊन वाच." सोफा चांगला तिघांचा होता. ती आत जायची.

पुढं ती वारली. सूचीसाहेब दुखरे गुडघे घेऊन एकटे राहिले. दूध उतू घालवणं आणि भात करपवणं यापलीकडे त्यांना स्वयंपाकघरातलं काही येत नव्हतं. शेवटी लेक आपली भाड्याची खोली सोडून राहायला आली. तिला ऑफिस इथून लांब पडत होतं, तरी आली. पण आल्या आल्या तिनं बजावलं, "बाबा, आईच्या कपाटाला हात लावायचा नाही. तेवढं पाळलंत तर मी कायमची इथं राहते. नाही पाळलंत तर निघाले."

"त्या अडगळीला कोण हात लावतंय?"

"मधल्या जागेत तर काही कोंबायचंच नाही. आई म्हणायची."

"तुझी आई पुष्कळ काही म्हणायची."

ही गेली तर आपलं काय होईल हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून बरेच दिवस त्यांनी कपाटाकडे पाठ करून काढले. पण डोक्यावर उभी पुस्तकं पाठीलाही दिसत. एका सकाळी लेक कामाला गेली आणि ते स्टूल ओढून बसले. आधी विषय, मग लेखक. वाचनालयात फळीच्या टोकाला थोडी जागा सोडतात, नवीन पुस्तकं येतात म्हणून. इथं आता नवीन कोण आणणार? त्यांनी तेवढीही सोडली नाही. माळ्यावरचे जाडजूड कोश उतरवून फळ्या गच्च भरल्या.

शेवटचा कोश जाईना. त्यांनी तळहातानं दाबला, मग खांदा लावला. आत कुणीतरी अंग चोरून घ्यावं तसं झालं आणि कोश सरकन आत गेला.

"फळ्या सैल झाल्यात," ते मोठ्यानं म्हणाले. घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी लेक आली. कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. सूचीसाहेब भांडणाची वाट बघत होते. ते सुरूच होईना, तेव्हा त्यांनीच डिवचलं, "काय, निघतेस ना?"

"आता कशाला जाऊ?" ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पोकळ धमक्या, त्यांनी मनात म्हटलं. अगदी आईवर गेलीय.

दुसऱ्या दिवशी कपड्यांचं कपाट उघडलं, तर त्यांचे सदरे दोन्हीकडे सरकलेले आणि मध्ये जागा. त्यांनी ते पुन्हा एकत्र केले. दुपारी ओट्यावरचे डबे तसेच. चपलांच्या मांडणीत त्यांचे बूट कडेला ढकललेले. एक तर खाली पडलेला.

"हा पोरकटपणा बंद कर," ते लेकीवर खेकसले.

"मी काहीच केलेलं नाही. तुम्ही तिथली जागा बुजवलीत, बाबा. मग ती दुसरीकडे लागणारच."

"कुणाला?"

लेकीनं फडकं घेतलं आणि ती कपाटाची काच पुसायला लागली.

रविवारी दुपारी ते जरा पडले. जाग आली तेव्हा ते पलंगाच्या अगदी कडेला होते. एक पाय खाली लोंबत होता. उरलेला पलंग रिकामा. चादरीवर सुरकुती नव्हती.

त्यांनी आत सरकून पाहिलं.

खांदा जाईना. कुणी ढकललं नाही, काही हाताला लागलं नाही. गच्च भरलेल्या फळीत पुस्तक जात नाही, तसं.

ते धडपडत बाहेर आले. काच उघडून त्यांनी कोश ओढून काढला. मध्ये जागा झाली.

"जा," ते म्हणाले. "जा परत."

दोन्हीकडची पुस्तकं हळूच एकमेकांजवळ आली. जागा मिटली.

त्यांनी दुसरा कोश काढला. तीही मिटली.

लेक सोफ्याच्या एका टोकाला वाचत बसली होती. बाकीचा सोफा मोकळा होता. ते भिंत धरत तिथवर आले आणि टेकायला वळले.

लेकीनं पुस्तकातून मान वर केली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"इथं जागा कुठाय, बाबा? आत जाऊन बसा."

त्यांनी मोकळ्या सोफ्याकडे पाहिलं. मग ते आत गेले.

मागे पानं उलटल्याचे आवाज येत होते. एक भराभर, लेकीचा. दुसरा फार सावकाश, अक्षराला अक्षर जोडून वाचणाऱ्याचा.