दोन तासांचं विमान

"यलोनाइफ ते इनुविक... विमानाला किती वेळ लागतो हो?"

मी मान वर केली. गंगापूर रोडवरच्या आमच्या तिकिटांच्या दुकानात लोक काशी विचारतात, चारधाम विचारतात, फार तर दुबई. हे काय नवीन खूळ? समोर एक तरुण, अंगात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा निळा शर्ट, कपाळावर घाम... आणि डोळे, अगं बाई, काय हसरे!

"कुठे आलं म्हणे हे?"

"कॅनडाच्या पार उत्तरेला. तिथल्या वीजघरात नोकरी लागलीय, दोन वर्षांची. तिकीट कंपनी काढणार आहे, पण आई सारखी विचारते, शेवटच्या विमानात किती वेळ बसणार म्हणून."

मी दोन्ही नावं कम्प्युटरवर एका साइटवर टाकली. "अकराशे किलोमीटर. दोन तास. आपल्या द्वारका चौकातल्या सिग्नललाच याहून जास्त लागतात!"

"मग तुम्हीही चला की."

पहिल्याच भेटीत! आगाऊ कुठला.

हा ज्ञानेश. नंतर कधी सामानाच्या वजनाचं, कधी विम्याचं विचारायला तो येतच राहिला. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही. निघायच्या आदल्या दिवशी मात्र तो हसला नाही. "मंजुषा... लग्न करशील माझ्याशी?"

आणि मी अतिशहाणी म्हणाले, "आधी नीट पोहोच तर खरा, मग बघू."

आज सकाळी सातला त्याचा मेसेज आला, शेवटच्या विमानात बसतोय म्हणून. म्हणजे नऊला पोहोचायला हवा. दहा वाजले... अकरा वाजले. फोन बंद. घाबरून मी तीच साइट पुन्हा उघडली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वेळ फक्त सरळ अंतरावरून काढलेला आहे. विमान तसं जातं की नाही, देव जाणे! आणि मी तोऱ्यात 'दोन तास' सांगून मोकळी झाले होते. त्याला काही झालं असलं तर?

इतक्यात दुकान झाडणाऱ्या मंगलाबाई केरसुणी घेऊन आल्या.

"मावशी, आज झाडू नका!" मी ओरडलेच.

त्या थबकल्या. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत घर झाडत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक.

"कोन गेलंय गं तुझं?"

माझं? डोळेच भरून आले.

"आस्सं हाय व्हय," म्हणत त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्याशेजारी बसल्या.

सव्वाबाराला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मंजू? अगं, हे विमान मध्येच एका गावी थांबतं. पुढे धुकं, म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं. मोबाइलला रेंज नाही. इथल्या एका बाईंचा फोन मागून घेतलाय."

"मेल्या, इथे जीव टांगणीला लागलाय माझा!"

"पण दोन तास तर तूच—"

"चुकलं माझं! आणि ते 'मग बघू'सुद्धा चुकलं. ऐक... मला लग्न करायचंय. तुझ्याशीच."

तो हळूच म्हणाला, "अगं, अजून पोहोचलो कुठे मी? आत्ता परत विमानात बसायला बोलावतायत."

"म्हणून तर आत्ता सांगतेय," मी म्हणाले. "तू पोहोचेपर्यंत नाही थांबवत मला."