सात भोकांचा कोट

गावातल्या चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या हेडविगकडे ओलिव्हेर आला तोच टोपी हातात घेऊन. "हेडविगबाई, उद्याच्या स्पर्धेआधी माझं नाव यादीतून वगळणार आहेत. वीस वर्षं त्या मैदानावर नेम धरतोय मी."

हंगेरीतल्या कोमारोमला जुन्या बंदुकांच्या स्पर्धेत उतरायचं तर गणवेश १८४८च्या क्रांतीतल्या सैनिकाचाच लागतो. मंडळाच्या कपाटात त्या सालचा एक तपकिरी कोट नमुना म्हणून ठेवलाय; प्रत्येकाचा कोट त्याच्याशी ताडून पाहतात. गुरुवारी तो गायब झाला, शुक्रवारी परत जागेवर होता. किल्ल्या तिघांकडे: अध्यक्ष ओत्तोकार, चिटणीस ओलिव्हेर आणि गणवेश तपासणाऱ्या अरांका आजी. ओलिव्हेरचा यंत्रावर शिवलेला कोट गेल्या साली नापास झाला होता, म्हणून संशय त्याच्यावर.

हेडविग आपला मित्र बर्नाबाश याला घेऊन मंडळात गेली. ओत्तोकारच्या मते, आपला कोट पास व्हावा म्हणून ओलिव्हेरने नमुन्यात काहीतरी बदललेलं असणारच. काय, ते मात्र त्याला सापडत नव्हतं. उजव्या बाहीवर ठिणग्यांची सात भोकंसुद्धा जुन्या फोटोतल्यासारखीच होती. हेडविगने कोट हुंगला. मेणाचा वास. भोकांवरून रुमाल फिरवला. काळा डाग पडला.

तिथून दोघं अरांका आजींच्या घरी गेले. आजींनी त्यांना बीनचं सूप वाढलं. सुईत दोरा आता सून ओवून देते, पुढचं बोटांना पाठ आहे, असं त्या म्हणाल्या. अंगठ्याला पट्टी होती. चुलीचा चटका, म्हणे.

"ओलिव्हेरच असणार," बाहेर पडल्यावर बर्नाबाश म्हणाला.

"तो आपल्या सोयीचं काही बदलेल ना? इथे काहीच बदललेलं नाही. काहीच न बदलण्यासाठी एवढे कष्ट कोण घेतं?"

दुपारी हेडविगने सगळ्यांसमोर कोट टेबलावर ठेवला.

"हा नवा आहे. हाताने शिवताना दोऱ्याला मेण लावतात; पण पावणेदोनशे वर्षांच्या दोऱ्याला ताज्या मेणाचा वास येत नाही, जुन्या भोकाची काजळी रुमालाला लागत नाही. भोकं तापल्या सुईने पाडलीत. ती सुई आजींच्या अंगठ्यालाही लागली."

आजींनी मान खाली घातली नाही. "जुना माझ्या पेटीत आहे. दरवर्षी चाळीस जण ओढून मापतात, काखेत भुगा होतो त्याचा. हा शिवायला दोन हिवाळे लागले. ह्या पोरावर आळ येईल हे ठाऊक असतं तर आधीच बोलले असते."

ओत्तोकारने पुन्हा टाके मोजले. "नियमात लिहिलंय, नमुना खराच हवा."

"मग ह्यात खोटं काय ते दाखव," आजी म्हणाल्या.

त्याला दाखवता आलं नाही. त्याने सगळ्यांदेखत ओलिव्हेरची माफी मागितली.

रविवारी आजींनी शिवलेल्या कोटाशी पहिला कोट ताडला तो ओत्तोकारचा. गळपट्टी दोन धाग्यांनी रुंद निघाली. तो उसवायला घरी गेला, आणि चिटणीस ओलिव्हेरने नापासांच्या यादीत अध्यक्षांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.