अक्षतांच्या वेळचा कॅमेरा

भालकीतल्या मंगल कार्यालयामागच्या विहिरीत व्यंकटचं प्रेत दिसलं, तेव्हा मांडवात पंगती चालू होत्या. तो नवरीचा, ज्योतीचा चुलतभाऊ. डोक्याला मागून मार होता. मंगलाष्टकं चालू असताना विहिरीकडून कुणीतरी ओरडल्याचं आचाऱ्यांनी ऐकलं होतं. त्या वेळी सगळे पाहुणे अक्षता टाकायला मांडवात होते.

तपास महिला फौजदार मंगल यांच्याकडे आला. पुढच्या आठवड्यात ज्योतीची थोरली बहीण दीपमाला ठाण्यात आली. तिची तक्रार वेगळीच होती. व्हिडिओवाल्या हरिओमनं करार मोडला, असं तिचं म्हणणं. प्रत्येक विधी तो स्वतः कॅमेरा हातात धरून टिपणार होता, आणि अक्षतांच्या वेळी ज्योतीचा चेहराच दिसत नव्हता.

मंगल यांनी चित्रण पाहिलं. चांगुणाबाई नावाची म्हातारी आत्या आडवी आली होती. शेवटपर्यंत तिची पाठच दिसत राहिली. मग त्यांनी दीपमालानं आणलेला करार वाचला. एका कलमाखाली पेनाची रेघ होती : चित्रणावर सगळा हक्क स्टुडिओचा.

"ही रेघ कुणाची?"

"व्यंकटदादाची. मी न वाचताच सही केलते. लग्नाच्या सकाळी त्यानं वाचलं आन् हरिओमला इचारतो म्हनला."

मंगल यांनी आधी हरिओमच्या स्टुडिओची झडती घ्यायला शिपाई धाडले. मग त्याला बोलावलं. तो निवांत बसला.

"अक्षता पडायल्या तवा कुठं होतास?"

"क्यामेऱ्यामागं. व्हिडिओच साक्षीला हाय की म्याडम."

"म्हातारी आडवी आली. सरकला कामून न्हाईस?"

"गर्दी होती."

"बाकी सगळीकडं तुझा कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यामागं फिरायलाय. तेवढ्याच वेळी जराबी हालला न्हाई. स्टँडवर चालू ठेवून तू विहिरीकडं गेलतास."



झडतीत एक बोटभर कॅमेरा सापडला होता, लग्नात नवरीच्या कपडे बदलायच्या खोलीत लपवलेला. त्यातलं शेवटचं चित्र व्यंकटचं होतं. करार वाचून त्याला संशय आला, त्यानं खोली धुंडाळली आणि कॅमेरा काढला. सगळं पुसून टाकतो असं सांगून हरिओमनं त्याला मागं नेलं, डोक्यात दगड घातला आणि कॅमेरा काढून घेतला. मंगल यांनी हे सांगितलं, तेव्हा हरिओमनं नाकारलं नाही.

स्टुडिओत सापडलेल्या अशाच चित्रणाच्या डिस्क ठाण्यातल्या टेबलावर रचल्या होत्या. प्रत्येकीवर गावाचं आणि नवरीचं नाव होतं.

दीपमालानं ज्योतीला फोन लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला. ज्योती स्वयंपाकघरात आहे, काय निरोप देऊ, असं तो हसत विचारत होता.

"काही न्हाई, मागून लावते," म्हणून दीपमालानं फोन ठेवला.