वसुधाकाकूंची खुर्ची

रस्सीखेच संपली, टाळ्या वाजल्या, आणि श्रीनाथनं मागं वळून पाहिलं तर आईची, म्हणजे वसुधाकाकूंची, खुर्ची रिकामी होती.

खुर्चीवर पर्स होती. पर्सवर मोबाइल, तोही बंद करून ठेवलेला. आणि खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर जर्मनीतली नेकार नदी संथ वाहत होती.

"बाथरूमला गेल्या असतील," श्रीनाथची बायको शुभा म्हणाली. नव्हत्या. केकच्या टेबलापाशी नव्हत्या, झाडाखालच्या बाकांवरही नव्हत्या.

बघता बघता कंपनीच्या वार्षिक सहलीचा रंग उडाला. पोलीस आले. नदीत बचावपथकाची बोट उतरली. सकाळपासून ज्या लाउडस्पीकरवर लकी ड्रॉचे नंबर पुकारले जात होते, त्यावर श्रीनाथचा आवाज आला, "आई, असशील तिथेच थांब. मी येतो." त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं. एक अक्षरही न कळलेले जर्मन सहकारी हातातल्या बशा खाली ठेवून उभे राहिले.

देवश्री श्रीनाथच्याच टीममधली. सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग; ऑफिसच्या फ्रिजमधलं दही कोण लंपास करतं, हेही तिनंच शोधून काढलं होतं. पण दह्याचा चोर पकडणं वेगळं आणि हे वेगळं. गेल्याच रविवारी तिनं वसुधाकाकूंच्या हातच्या कोथिंबीर वड्या चापल्या होत्या. मग त्यांना गाव दाखवायला नेलं होतं, चर्च, नगरपालिकेचं राटहाउस, आइसक्रीमचं दुकान, सगळं. वाटेत सहा वर्षांची नात उर्जा आजीला जर्मनमध्ये कसलासा लांबलचक किस्सा सांगत होती आणि काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

आता देवश्री त्या बोटीकडे बघत होती. हातात काहीच नव्हतं, म्हणून ती प्रश्न विचारू लागली. तेवढंच तिला येत होतं.

"त्यांना जर्मन येतं?" पोलीसबाई श्रीनाथला विचारत होत्या.

"एक शब्द येत नाही. कोणाला काय विचारणार ती? कुठे जाणार?"

"म्हणजे फार लांब गेल्या नसतील." बोलता बोलता बाईंची नजर नदीकडे गेली.

तेवढ्यात सॉसेज भाजणारा माणूस ॲप्रनला हात पुसत आला. साडीतल्या एका आजींनी त्याला राटहाउसला कुठली बस जाते ते विचारलं होतं.

"जर्मनमध्ये?"

"हो, हो. सावकाश, पण नीट."

"मग ती माझी आई नव्हे," श्रीनाथ म्हणाला. त्या मैदानावर साडीतल्या आज्यांना काही तोटा नव्हता. उन्हाळा म्हटला की निम्म्या टीमकडे आईवडील येतात. पोलीसबाईंनी लिहिलेलं खोडलं.

देवश्रीनं शुभाला बाजूला घेतलं. "काकूंनी बरोबर काय नेलंय?"

"काही नाही. पर्स इथेच आहे."

"नीट बघ."

शुभानं पर्स पालथी केली. गोळ्या, रुमाल, खडीसाखर. "बटवा नाहीये... अगं, त्यात पासपोर्ट असतो त्यांचा!"

"जीव द्यायला कोणी पासपोर्ट घेऊन जात नाही," देवश्री म्हणाली. "परत कधी जायचंय त्यांना?"

"मंगळवारी. व्हिसा संपतोय." शुभानं नजर वळवली.

"आज काही भांडणबिंडण?"

"छे! येताना गाडीत आई चकार शब्द बोलल्या नाहीत."

"आणि एरवी?"

"एरवी टकळी चालूच असते."

उर्जा गवतात बसून पाकळ्या तोडत होती. देवश्री तिच्याजवळ बसली. "रात्री आजी काय करते गं?"

उर्जाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच. आजी गोष्ट सांगते, ती म्हणाली. आजी थांबली की मी म्हणते, "नॉख आइन बिस्शेन, बिटे." आणखी थोडंसं, प्लीज.

"मग?"

मग आजी आणखी थोडंसं सांगते. आणि मग मी तिला बालवाडीतलं सांगते. सगळं.

देवश्री ताडकन उठली.

"श्रीनाथ, बोट थांबवायला सांग. काकू नदीत नाहीत, बसनं गेल्यात."

"अगं, तिला जर्मन—"

"उर्जा घरात मराठी बोलते?"

"नाही."

"काकू जर्मन बोलतात?"

"नाही म्हणतोय ना!"

"मग गेले तीन महिने या दोघी तासन् तास गप्पा कसल्या मारतात?"

श्रीनाथनं वळून उर्जाकडे पाहिलं.

"आपल्याला वाटलं, काकू नातीच्या मायेनं हसतायत. त्या समजून हसत होत्या. आता सांग, आज गाडीत तुम्ही दोघं जर्मनमध्ये काय बोललात?"

श्रीनाथ आईच्या खुर्चीत मटकन बसला. उत्तर शुभानं दिलं.

"वृद्धाश्रम. पुण्यात खोली ठरवलीय. विमानतळावरून परस्पर तिकडेच न्यायचं होतं."

"आणि त्यांना कधी सांगणार होता?"

"रोज ठरवायचो, उद्या सांगू," श्रीनाथ म्हणाला. "तिकडे दोनदा पडली गं ती. इथे ठेवायला व्हिसा नाही, तिथे बघायला माणूस नाही. मी काय करू, तूच सांग."

देवश्रीकडे फक्त उलगडा होता आणि तो सांगणं तिच्या जिवावर आलं.

"काकूंना घालवणारं बाहेरचं कोणी नाही. तुम्ही दोघं आहात. त्यांच्यापासून लपवायला तुम्ही जी भाषा वापरलीत, ती तुमच्याच लेकीनं त्यांना शिकवली होती. आणि व्हिसाचं ऑफिस राटहाउसमध्ये असतं, हे मी सांगितलं होतं. रविवारी. मोठ्या हौसेनं."

"पण आज शनिवार आहे," शुभा पुटपुटली.

ते पोचले तेव्हा चौकात चिटपाखरू नव्हतं. राटहाउसच्या पायरीवर, उन्हासाठी पदर डोक्यावर घेऊन, वसुधाकाकू बसल्या होत्या. मांडीवर पासपोर्ट होता. लेकाला बघून त्या रागावल्या नाहीत.

"बंद आहे रे," त्या म्हणाल्या. "सोमवारी उघडतं म्हणे."

श्रीनाथ खालच्या पायरीवर बसला आणि त्यानं आईच्या पायांवर हात ठेवला.

"तुला कशाला त्रास, म्हटलं मीच विचारते. वाक्य पाठ केलंय." काकू देवश्रीकडे वळल्या. "तू चुका काढतेस ना गं? चुकलं तर सांग हं."

त्या उठल्या. पदर सारखा केला, पासपोर्ट दोन्ही हातांत धरला आणि बंद काचेच्या दाराकडे बघत, अगदी उर्जाच्या सुरात म्हणाल्या,

"नॉख आइन बिस्शेन, बिटे."

देवश्रीला त्यात एकही चूक सापडली नाही.