हा पाय कुणाचा?

दार ढकललं तेव्हा हॉलमध्ये एक अनोळखी तरुण माझाच काता करत होता. काता म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचाली, एकामागून एक. वळणं तीच, वार तेच... आणि तरीही सगळं परकं. आमच्या शैलीत उभं राहायचं ते आखूड, हलकं – पुढच्या पायाची टाच उचललेली, मांजरासारखी. हा मात्र पाय लांब टाकून असा खाली बसत होता, जणू जमिनीत रुजायचंच आहे.

"चुकतंय तुमचं," मी न राहवून म्हणाले.

तो थांबला, घाम पुसत हसला. "चुकत नाही. आमची शैली वेगळी आहे. आमचा वर्ग सुटला, तुमचा आता भरेल ना?"

तो बेकरीत पाव भाजायचा. मनगटावर भाजल्याच्या खुणा, भुवईला पीठ. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचे. दुसऱ्या दिवसापासून मी लवकर येऊ लागले आणि त्याचा पाय हॉलमधून निघेना.

"मांजरासारखं उभं राहून कुणाला अडवणार?" तो चिडवायचा.

"पुढच्या पायावर भार नसतो. हवी तेव्हा लाथ मारता येते. दाखवू?"

"नको... तू नुसती उभी राहिलीस तरी मी गारद."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी पुढचं वळण साफ विसरले.

त्याची शैली शिकायचा हट्ट माझाच. "घाई नको," तो म्हणायचा. "खाली बस. जोर कमरेतून येऊ दे." त्याचा तळहात माझ्या पाठीमागे, पण टेकलेला नाही – मधल्या त्या बोटभर जागेत माझा श्वास अडकायचा.

मग काळ्या पट्ट्याची परीक्षा आली. परीक्षक माझी आत्या. तिनंच मला शिकवलेलं, आणि वर्गात भाचीबिची काही तिला ठाऊक नसायचं.

निम्मा काता छान झाला. वळले... आणि माझा पाय आपोआप लांब सरकला. मी खोल बसले. इतकं बरं वाटलं की चूक झाली हे कळलंच नाही.

"थांब," आत्या म्हणाली. "हा पाय कुणाचा?"

घसरला म्हणाले असते तर निभावून गेलं असतं. पण जीभ रेटेना.

"बेकरीवाल्याचा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आत्या हसली नाही. "आवडतो?"

"पाय?"

"पाय कशाला? माणूस."

सगळा वर्ग कान टवकारून बसलेला. "हो," मी म्हणाले. आणि मग वाटलं, बरं झालं.

"मग माणूस ठेव, पाय परत कर. पुन्हा पहिल्यापासून."

या वेळी मी माझ्याच पायांवर उभी राहिले – आखूड, हलकी. शेवटचा ठोसा थांबला तेव्हा आत्यानं मान डोलावली, आणि स्वतःच्या हातानं माझ्या कमरेला काळा पट्टा बांधला. मग तिनं जाऊन दार उघडलं.

तो बाहेरच उभा होता. कानाच्या पाळ्या लालेलाल.

"आत या," आत्या म्हणाली. "ऐकलंत ना सगळं?"

तो चपला काढून आत आला, माझ्यासमोर थांबला.

"पाय मिळाला का परत?" मीच विचारलं.

"पाय मिळाला." तो हळूच म्हणाला. "बाकीचा मी... तुझ्याकडेच राहू दे."