बाद केलेली बोटं

वेळशी बंदराच्या सरकारी दवाखान्यात ‘कुठं दुखतंय?’ असं विचारणं बंद होऊन आता बरीच वर्षं झाली होती. विचारायचंच कशाला? दारातच नर्स रोग्याच्या उजव्या हाताच्या बोटात एक राखाडी अंगठी चढवायची आणि समोरच्या पडद्यावर आकडा उमटायचा. त्या आकड्याला म्हणायचे वेदनांक. शून्य म्हणजे सुखी जीव, दहा म्हणजे असह्य कळा. सहाच्या वर असाल तर डॉक्टर धावत येणार, तीनच्या खाली असाल तर गोळ्या घ्या आणि चालू पडा. तोंडानं कितीही बोंबला, तोंडाला विचारतो कोण!

केतकी तांडेलची आय बाकावर पोट धरून दुमडली होती. ओठ पांढरेफटक पडले होते, घामानं लुगडं चिकटलं होतं, आणि पडद्यावर आकडा होता दोन.

“कालही दोनच होता,” नर्स म्हणाली. “वात असेल. घरी न्या.”

“अहो, रात्रभर तळमळत होती ती! डोळ्यांनी दिसत नाही का तुम्हाला?”

“ताई, आवाज खाली. अंगठी खोटं बोलत नाही.”

केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईनं अंगठीची महती आपल्याला सांगावी? दहावीची परीक्षा दिल्यापासून केतकी रोज त्याच अंगठीशी झटत होती. वैद्यकीय यंत्रं कशी घडवायची हे शाळेतल्या मुलांना शिकवणारं एक उन्हाळी शिबिर ही अंगठी बनवणाऱ्या जवळच्या संस्थेत भरलं होतं. तिची निवड झाली तेव्हा आयनं अख्ख्या मासळीबाजारात पेढे वाटले होते. आणि शिबिरातल्या पोरांना काम दिलं होतं ते हेच, की ही अंगठी आणखी हलकी आणि स्वस्त करून दाखवा.

संस्थेच्या डॉ. हेमांगी दातार यांनी पहिल्याच दिवशी सगळं उलगडून सांगितलं होतं. शरीराला इजा झाली की मज्जातंतू धोक्याची हाकाटी पिटतात. त्या हाकाटीनं बोटांच्या टोकांतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या आक्रसतात. आपल्याला ते कळतही नाही, मुद्दाम करता तर मुळीच येत नाही. अंगठी त्या वाहिन्यांवर उजेड टाकते, त्या किती आक्रसल्या ते मोजते आणि त्याचा वेदनांक काढते. म्हणूनच सरकार अंगठीवर खूश होतं. खोटी दुखणी सांगून कडक औषधं उकळणारे बंद झाले, आणि त्यांच्याबरोबर खरं सांगणाऱ्यांचीही तोंडं बंद झाली.

गेल्याच आठवड्यात मुलांनी बर्फाची चाचणी केली होती. उजव्या बोटात अंगठी, डावा हात बर्फाच्या पाण्यात. एकेक पोरगं किंचाळत हात बाहेर काढायचं, आकडा सातावर जायचा. केतकीनं हात घातला आणि गप्पा मारत बसली. आकडा एकाच्या वर हलेना. “तांडेल, तू माणूस आहेस की सुरमई?” म्हणून सगळी हसली, तीही हसली. लहानपणापासून ती आयच्या जोडीनं पहाटे धक्क्यावर बर्फातली मासळी निवडायची. थंडीची सवयच आहे, असं तिला वाटलं होतं.

आता मात्र तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं आयच्या बोटातली अंगठी ओढून काढली, स्वतःच्या बोटात घातली, चप्पल भिरकावली आणि दगडी पायरीवर अनवाणी पायाच्या अंगठ्यानं सणसणीत लाथ मारली. नख उचकटलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले, तोंडातून सणकून शिवी निघाली.

पडद्यावर आकडा होता दोन.

“बघा! बघा ना आता!” रक्ताळलेला पाय नर्सपुढे नाचवत ती ओरडली. “हे दोन आहे?”

आय कशीबशी पुटपुटली, “चल गो घरी. उगा तमाशा नको.”

“गप्प बस आय!” म्हणत केतकीनं फोन काढला आणि दातार मॅडमना लावला.

“मॅडम, ही अंगठी बनवली तेव्हा तपासली कुणाच्या बोटांवर?”

“हजारो लोकांच्या. का गं? कॉलेजातली मुलं, आपले कर्मचारी...”

“बर्फात हात घालणाऱ्या बायका होत्या त्यात?”

“होत्या काही. त्यांची बोटं काही दाखवतच नव्हती. वर्षानुवर्षं गारठून रक्तवाहिन्या निबर होतात. त्यांचे आकडे आम्ही बाद केले. शिकवलंय ना मी, विसंगत आकडे ठेवले तर सगळी सरासरी बिघडते.”

“आकडे बाद केले, पण बायका कुठं गेल्या, मॅडम? त्या इथं बाकावर मरायला टेकल्यात! माझी आय आहे इथं!”

दातार मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, “कान. कानाची पाळी बघ. ती बर्फात जात नाही.”

शिबिरात बनवलेला अंगठीचा नमुना केतकीच्या पिशवीत होता, चिमट्यासारखा उघडणारा. तिनं तो आयच्या कानाला लावला आणि पडद्याशी जोडला. आकडा सरसर चढला आणि नऊवर थांबला.

“कान नाही चालत,” नर्स पडद्याकडे बघत म्हणाली. “नियमात बोट लिहिलंय.”

“नियम घाला चुलीत! नऊ आहे ना? बोलवा डॉक्टरांना!”

दातार मॅडमनी फोनवरच डॉक्टरांना गाठलं, सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, तेव्हा कुठं आयला आत नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. पोटभर पू झाला होता. सर्जन बाहेर येऊन उलट केतकीलाच म्हणाले, “इतकं होईपर्यंत थांबलात कशाला?” केतकीनं दारातल्या राखाडी अंगठीकडे बोट दाखवलं.

आय वाचली. दोन दिवसांनी जरा बोलू लागली तेव्हा केतकीनं विचारलं, “आय, हे दुखणं आधीपासून होतं का गं?”

“गेल्या दिवाळीपासनं. मधनंच कळ यायची.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“आले होते ना इथं. आकडा एक आला. म्हटलं, दुखत नसेल.”

केतकीनं विचारलं, “आत्ता दुखतंय?”

आयची नजर मुकाट्यानं खाटेजवळच्या पडद्याकडे वळली. केतकी ताडकन उठली, आयच्या कानाला लावलेला नमुना उतरवला आणि पडदा भिंतीकडे फिरवून टाकला.

“तिकडे नाही बघायचं. तू सांग. तुझं पोट आहे.”

आयनं पोटावरच्या पट्टीवर हात ठेवला. कपाळाला आठ्या पडल्या. शाळेत उत्तर न येणारा प्रश्न विचारल्यावर पोरं बघतात तशी ती लेकीकडे बघत राहिली.

“मला काय कळतंय गो त्यातलं?” ती म्हणाली.