डेसच्या नावावर

धुळीचं वादळ मागच्या दाराने आत आलं, आणि त्याच्याबरोबर एक माणूसही.

"दार लावा आधी," मेरिन ओरडली. "इथे झाडू मारायला कोणी ठेवलेलं नाही."

त्याने निमूटपणे दार लावलं आणि भुवयांवरची लाल माती झटकली, ती नेमकी तिने नुकत्याच पुसलेल्या काउंटरवर. "मी रोरी. अ‍ॅडलेडहून आलोय. ते... बारकोडचं यंत्र बसवायला."

"म्हणजे तुम्हीच ते."

"मी प्रेत न्यायला आल्यासारखं बघताय माझ्याकडे."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. त्याचं म्हणणं फारसं चुकीचं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावातल्या त्या मोटारींच्या दुकानात, सुट्या भागांच्या खोलीत दोघंच कामाला होती: ती आणि म्हातारा डेस. बारकोड आला की एक माणूस पुरे, असं मालकाने चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. महिनाभर दोघांचं काम यंत्र मोजणार, ज्याचं कमी भरेल तो घरी. आणि खाणी आटत चाललेल्या या गावात घरी म्हणजे कायमचंच घरी.

तरीही लेबलं चिकटवता चिकटवता मेरिन त्याच्यात गुंतत गेली, आणि स्वतःवरच चिडत राहिली. तो शिडीवर, ती खाली. ती खोका वर द्यायची, तो घ्यायचा... आणि त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळायची.

"लेबल तिरकं लागलंय."

"शिडीखाली तुम्ही उभ्या असताना सरळ कसं लागेल?"

"असं किती गावांत बोललात?"

"बोललो पुष्कळ ठिकाणी. शिडीवरून पडावंसं फक्त इथेच वाटलं."

"पडा की. डेस झेलतील."

डेस मात्र हसला नाही. त्याचे हात कापायचे. स्कॅनर लेबलावर धरला की लाल रेघ खोकाभर नाचायची, आणि तो 'टीं' आवाज काही यायचा नाही. "पोरी, हे यंत्र मला ओळखतच नाही," तो म्हणाला. त्याची बायको नोरीन हॉस्पिटलात पडून होती. बाप गेल्यावर मेरिनला या खोलीत नोकरी लावली होती ती याच डेसने.

दुसऱ्या दिवसापासून मेरिन स्कॅनरवर स्वतःचं नाव क्वचितच घालू लागली. सकाळी आल्याबरोबर डेसचं नाव घालायची आणि जवळजवळ दिवसभर त्याच्या नावावर माल काढायची.

महिना संपला. "डेसने कमाल केली," मालक म्हणाला. "मेरिन, तुला काय झालं होतं?"

तिने खांदे उडवले. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला.

शुक्रवारी रोरी तिला मागच्या अंगणात गाठून म्हणाला, "डेस हॉस्पिटलात बायकोपाशी असायचा, तेव्हाही त्याच्या नावावर माल निघत होता. मला दिसत होतं."

"मग मालकाला का नाही सांगितलंस?" आपण 'तू'वर कधी आलो ते तिला कळलंही नाही.

"तुझा हट्ट मोडवेना मला... पण मेरिन, सोमवारी तो स्कॅनर कोण धरणार?"

हा विचार तिने केलाच नव्हता. आठवडाभरात यंत्र सगळं सांगणार होतं. तिची नोकरी गेलीच होती, आता डेसचीही जाणार. ती एका रिकाम्या पेटीवर बसली आणि तोंड झाकून रडली.

रोरी आत गेला. वर्कशॉपमधल्या भंगारातली एक लोखंडी पट्टी वाकवून त्याने स्टँड केला, काउंटरवर पक्का बसवला आणि त्यात स्कॅनर पालथा अडकवला. आता स्कॅनर धरायला नको. खोका काउंटरवर टेकवून त्याच्याखालून सरकवला की झालं.

"हे आधी का नाही सुचलं तुला?" तिने आत येऊन विचारलं.

"डेसचे हात कापतात, हे तू आधी का नाही सांगितलंस?"



निघताना ती डेसपाशी गेली. तो तिच्याकडे बघेना. "मला ठाऊक होतं, पोरी. पहिल्या दिवसापासून. नोरीनसाठी गप्प बसलो मी."

 मेरिनने त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली आणि ती बाहेर आली.

रोरी व्हॅनपाशी उभा होता. "अ‍ॅडलेडला चल. नोकरी मिळेलच असं नाही म्हणत. मला... तू हवी आहेस, एवढंच."

"थांब जरा."

खिडकीतून डेस पाठमोरा दिसत होता. त्याने दोन्ही हातांनी खोका काउंटरवर टेकवला, सरकवला. काहीच नाही. पुन्हा सरकवला. काचेवर धूळ तडतडत होती. मेरिनने रोरीची बाही घट्ट धरली.

टीं.

डेसने वळून पाहिलं नाही. त्याने दुसरा खोका ओढला.

मेरिनने डोळे पुसले. "चल," ती म्हणाली.